बहरीनचे बंदर आणि एज्राच्या कबरीचा चमचा

बहरीन म्हटले की पूर्वी मोती आठवत आणि १९३२ नंतर खनिज तेल. परंतु मुंबईहून बसऱ्यास जाणाऱ्या आगबोटींच्या वाटेवरचे ते एक बंदर होते आणि १९६५ पर्यंत तेथील व्यवहार रुपयांतच चालत. या वाटेने पुढे गेलेल्या फौजेमुळे चांदीच्या एका कारागिरीस नवे दिवस आले. तिची हकीकत आम्ही येथे देत आहोत, कारण तिचा एक धागा आपल्या परंपरेशी जुळलेला आहे.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून निघाली आणि २३ तारखेस बहरीनसमोर नांगर टाकून हुकमाची वाट पाहत राहिली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला हे सैन्य फाओ येथे उतरले व त्याच महिन्यात बसरा पडले. पुढील चार वर्षे हजारो हिंदी आणि इंग्रज शिपाई त्या मुलखात वावरले आणि बसरा, अमारा व बगदाद येथील सुब्बी सोनारांना नवे गिऱ्हाईक लाभले.

सुब्बी, म्हणजेच मंदाई, हा तैग्रिस व फरात नद्यांच्या काठचा एक प्राचीन, अल्पसंख्य धर्मसमाज होय. वाहत्या पाण्यातील स्नान हा त्यांचा मुख्य संस्कार. सोनारी व होड्या बांधणे हे त्यांचे पिढीजात धंदे. पेढीवर बाप आणि मुलगा शेजारी बसत. अशा घराण्यांत झहरून हे नाव विशेष गाजले. चमचे, साखरेचे चिमटे, मीठदाण्या, तबके अशी मेजावरची भांडी ते घडवीत. चांदीवर नक्षी कोरून त्या रेषांत चांदी, तांबे, शिसे व गंधक यांच्या मिश्रणाची काळी पूड भरावयाची, ती तापवून वितळवावयाची आणि मग वरचा थर कानशीने घासून काढावयाचा. पांढऱ्या चांदीत काळे चित्र कायमचे उरते.

त्या चित्रांत खजुरीची झाडे, उंट, होड्या आणि टेसिफोनची कमान असे. आणि पुष्कळदा एक घुमटही असे. तो एज्रा शास्त्री यांची परंपरेने मानलेली कबर. तैग्रिसच्या काठी, कुर्ना व अमारा यांच्या दरम्यान, ती आजही उभी आहे. बगदाद आणि बसऱ्याचे यहुदी पेसाह व शावुओथ यांच्या दरम्यान तेथे यात्रेस जात. यहुद्यांचे तीर्थ सुब्बी सोनाराने चांदीत कोरले आणि ते परधर्मी शिपायाच्या पेटीतून देशोदेशी गेले.

काही वस्तूंच्या पाठीवर कारागिराची सही मंदाई लिपीत असते. ती भाषा अरामी कुळातील, बाबेली तालमूदच्या भाषेची जवळची बहीण. आपला कद्दीश आणि आपला केतुबाही अरामीतच आहेत. धर्म निराळा, पण वाणीचे मूळ एक.

इराकमधील यहुदी १९५०-५१ मध्ये बहुसंख्येने इस्राएलला आले. २००३ नंतर बहुतेक मंदाई कुटुंबांनीही देश सोडला. ती ऑस्ट्रेलिया, स्वीडन व इतरत्र विखुरली. ज्या समाजाचा धंदा घरातच शिकविला जातो, त्याचे घर हलले की हातही थांबतो, हे आपल्यासारख्या स्थलांतरितांना निराळे सांगावयास नको.

म्हणून आमची एक विनंती आहे. कोणाच्या कपाटात काळ्या नक्षीची जुनी चांदी असेल, तर ती वजनावर मोडीत घालू नये. आधी तिची पाठ पाहावी. तेथील अक्षरे अरबी नव्हेत आणि हिब्रूही नव्हेत असे वाटले, तर जाणकारास दाखवावे. चांदीचा भाव बाजारात रोज मिळतो. ते अक्षर पुन्हा मिळणार नाही.