जादा विजेचे काय होते?
वॉकी-टॉकीच्या बॅटरीचा इतिहास आणि तिचे नियम

पोलीस ठाणे, अग्निशमन केंद्र, मोठा कारखाना, वारीचा बंदोबस्त किंवा शाळेचे स्काउट शिबिर अशा ठिकाणी वॉकी-टॉकी हमखास दिसते. तिच्या चार्जरशेजारी पुष्कळदा सूचनांचा एक कागद चिकटवलेला असतो आणि त्यात एक वाक्य आढळते : 'बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.' एका पिढीने हा नियम निष्ठेने पाळला आणि त्या काळी त्याला कारणही होते. मात्र आज वॉकी-टॉकीत जी बॅटरी सर्रास असते, तिला याच नियमाने अपाय होतो. डबी बाहेरून तशीच दिसते, पण तिच्या आतले रसायन बदलले आहे. नियम पाठ राहिला, त्याचे कारण मात्र मागे पडले.

वर्गातही असे होते, हे आपण शिक्षक जाणतो. म्हणून या लेखात आपण वॉकी-टॉकीच्या बॅटरीचा इतिहास एका प्रश्नाच्या आधारे पाहणार आहोत : बॅटरी भरल्यानंतरही तिच्यात वीज ढकलत राहिलो, तर त्या जादा विजेचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीत बदलत गेले आणि त्याबरोबर सुरक्षिततेचे नियमही.

पाठीवरचा संच, हातातला संच

कॅनडात १९३७ साली डोनाल्ड हिंग्ज यांनी दुर्गम भागात उड्डाण करणाऱ्या वैमानिकांसाठी सहज नेता येईल असा संदेशवहन संच तयार केला. हिंग्ज एका खाणकंपनीत काम करीत होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अल ग्रॉस या तरुणाने हातात धरता येईल असा संच बनवला. दुसऱ्या महायुद्धाने या कल्पनेला एकदम महत्त्व आले. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने (हीच पुढे मोटोरोला या नावाने ओळखली गेली) अमेरिकी सैन्यासाठी 'एससीआर-५३६' हा सुमारे सव्वादोन किलोचा, हातात धरण्याचा संच तयार केला. त्यात पाच निर्वात नलिका होत्या. आकाशक म्हणजे अँटेना बाहेर ओढली की संच सुरू होई. नंतर १९४३ साली डॅनियल नोबल यांच्या मार्गदर्शनाखाली 'एससीआर-३००' तयार झाला. त्यात अठरा नलिका होत्या आणि तो पाठीवर बांधूनच न्यावा लागे.

गंमत अशी, की चालता चालता बोलण्याचा, पाठीवरचा संच तो 'वॉकी-टॉकी' आणि हातातला तो 'हँडी-टॉकी' अशी मूळची वाटणी होती. पुढे पाठीवरचा संच मागे पडला आणि त्याचे नाव तेवढे हातातल्या संचाला चिकटले.

हे संच एवढे जड का होते? निर्वात नलिकेला दोन प्रकारची वीज लागते. आतली तार तापवण्यासाठी कमी व्होल्टची, आणि तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन ओढून घेण्यासाठी जास्त व्होल्टची. म्हणून हातातल्या संचात दोन बॅटऱ्या असत : एक १.५ व्होल्टची आणि दुसरी १०३.५ व्होल्टची. विद्यार्थ्यांना इथे एक भागाकार करायला सांगावा. शुष्क घट १.५ व्होल्टचा असतो. तेव्हा १०३.५ व्होल्ट मिळवायला किती घट एकापुढे एक जोडावे लागतील? उत्तर येते ६९. सैनिकाच्या मुठीत एकोणसत्तर लहान घटांची माळ होती!

पहिली पिढी : वापरा आणि टाका

या घटांचे मूळ फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांच्या १८६६ सालच्या ओल्या घटात आहे. त्यातला द्रव लगद्यात मुरवून जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी १८८० नंतरच्या दशकात शुष्क घट तयार केला. त्यात जस्ताचे भांडे हेच ऋण टोक असते आणि वीज देताना ते भांडेच खर्ची पडते.

अशा घटात उलट दिशेने वीज ढकलली तर खर्च झालेले जस्त पूर्वीच्या जागी नीट बसत नाही. आत वायू तयार होतात आणि बंद घट फुगतो, गळतो, क्वचित फुटतो. म्हणून पहिल्या पिढीचा नियम सरळ होता : हे घट चार्ज करू नयेत, आणि संपलेले घट संचात ठेवू नयेत, कारण झिजलेल्या जस्तातून गळणारा द्रव आतले भाग खातो. साध्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या आजच्या खेळण्यातल्या वॉकी-टॉकीलाही हा नियम जसाच्या तसा लागू आहे.

दुसरी पिढी : चूक पोटात घालणारी बॅटरी

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याला तापवण्याची तार नको आणि शंभर व्होल्टही नकोत. मोटोरोलाने १९६२ साली पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा 'एचटी-२००' हा हातातला संच आणला. त्याचे वजन किलोच्या आत होते. आता थोड्याच व्होल्टवर भागत असल्याने पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी परवडू लागली. ती होती निकेल-कॅडमियमची.

निकेल-कॅडमियम घट स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ सालीच शोधला होता. पण तो उघडा असे. चार्ज करताना त्यातून वायू निघत आणि पाणी घालत राहावे लागे. हे कोडे जर्मनीच्या गेओर्ग नॉयमान यांनी १९४७ साली सोडवले. त्यांच्या बंद घटात कॅडमियमची पट्टी निकेलच्या पट्टीपेक्षा अधिक क्षमतेची ठेवलेली असते. त्यामुळे निकेलची पट्टी आधी भरते. त्यानंतरही वीज येत राहिली की तिच्यावर ऑक्सिजन तयार होतो, तो पलीकडच्या कॅडमियमपाशी जातो आणि तिथे जिरतो. जादा विजेची अशा रीतीने उष्णता होते. वीज बेताची असेल तर घट कोमट होतो, एवढेच.

म्हणूनच त्या काळचे चार्जर अगदी साधे असत. १००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या घटाला १०० मिलिअँपिअर वीज सुमारे १४ तास द्यायची. हिशेबाने दहा तास पुरायला हवेत, पण सगळी वीज साठत नाही म्हणून चौदा. रात्री लावले आणि सकाळी काढले, थोडे अधिक झाले तरी बिघडत नसे. लवकर चार्ज करणाऱ्या यंत्रांना मात्र घट भरल्याची खूण ओळखावी लागे : भरताच तापमान चढते आणि व्होल्ट किंचित उतरतात.

'पूर्ण उतरल्याशिवाय' हा नियम याच पिढीतला. उपग्रहांतील घट प्रत्येक फेरीत नेमके तेवढेच उतरत आणि पुन्हा भरत. काही काळाने ते जणू तेवढ्याच कामाची सवय झाल्यासारखे वागू लागले. याला 'स्मृति-परिणाम' असे नाव पडले. जमिनीवरच्या वापरात इतकी नेमकी पुनरावृत्ती क्वचितच होते. तिथे बॅटरी लवकर मान टाके, त्याचे कारण बहुधा वेगळे असे : दिवसेंदिवस चार्जरमध्येच तापत पडून राहणे. अधूनमधून बॅटरी उतरवून भरली की तिची ताकद बरीचशी परत येई, आणि नियमाला दुजोरा मिळे.

पण 'उतरवणे' म्हणजे 'पार मारणे' नव्हे. ७.२ व्होल्टच्या बॅटरीत १.२ व्होल्टचे सहा घट असतात आणि सहाही अगदी सारखे नसतात. सर्वांत दुबळा आधी रिकामा होतो. संच तसाच चालू ठेवला तर उरलेले पाच घट त्याच्यातून उलट दिशेने वीज ढकलतात आणि तो कायमचा बिघडतो. संच इशारा देईल तेव्हा थांबायचे, एवढाच मूळ नियमाचा अर्थ होता.

कॅडमियमचा दुसरा धोका बॅटरी टाकून दिल्यावर सुरू होतो. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे हाडे ठिसूळ करणारा 'इताई-इताई' रोग पसरला. त्याचे कारण तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. युरोपीय संघाने २००६ साली काही अपवाद वगळता लहान बॅटऱ्यांमधील कॅडमियमवर बंधने आणली. जुन्या संचाची बॅटरी जाळू नये, उकिरड्यावर टाकू नये, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी, हा नियम इथून आला.

तिसरी पिढी : क्षमा न करणारी बॅटरी

सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यामागचे मूलभूत संशोधन करणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटाचे सरासरी व्होल्ट ३.६ ते ३.७ असतात, म्हणजे निकेल-कॅडमियमच्या तिप्पट. त्यामुळे सहा घटांचे काम दोनच करतात आणि वजन खूप घटते.

पण एवढे व्होल्ट पाणी सहन करीत नाही, त्याचे विघटन होते. म्हणून या घटात पाण्याऐवजी पेट घेऊ शकणारा सेंद्रिय द्रव वापरावा लागतो. मग आपला प्रश्न पुन्हा विचारू : जादा विजेचे काय होते? निकेल-कॅडमियममधली ऑक्सिजनची पळवाट इथे नाही. नेहमीच्या लिथियम-आयन घटात ४.२ व्होल्टच्या पलीकडे वीज ढकलली तर ऋण पट्टीवर लिथियम धातूचा थर जमू लागतो, धन पट्टीचे रसायन अस्थिर होते आणि घट तापतो. ठरावीक तापमानापुढे आतल्या क्रियाच उष्णता निर्माण करू लागतात, त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होतात आणि अखेर आग लागते.

म्हणून बॅटरीत संरक्षक मंडल असते आणि चार्जरही मोजूनमापून वागतो. आधी ठरावीक धारा देतो, ४.२ व्होल्ट गाठले की व्होल्ट तेवढेच ठेवून धारा कमी करीत नेतो आणि शेवटी थांबतो. यातून आजचे नियम आपोआप निघतात. चार्जर त्याच बॅटरीसाठी बनवलेला हवा. निकेल-कॅडमियमचा जुना चार्जर खाच जुळली तरी वापरू नये. फुगलेली, पडून चेपलेली किंवा भिजलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. शून्य अंशाखाली चार्ज करू नये, कारण थंडीतही लिथियमचा थर जमतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नये. पूर्ण उतरवण्याची गरज नाही, उलट त्याने घटाची हानी होते. महिनोन्महिने ठेवायची तर साधारण निम्मी भरून, थंड जागी ठेवावी.

लेबनॉनमध्ये १८ सप्टेंबर २०२४ रोजी अनेक वॉकी-टॉकींचे स्फोट झाले. विद्यार्थी त्याविषयी विचारतील. ते स्फोट चार्जिंगमधल्या चुकीने झालेले नव्हते. त्या संचांत स्फोटके दडवलेली होती. बॅटरी पेटते, धूर ओकते, कधी फुटते, पण तसा घातक स्फोट नुसत्या बॅटरीने होत नाही.

ठिणगीचा हिशेब

काही ठिकाणी मात्र बॅटरी निर्दोष असूनही धोका असतो. वेल्समधील सेंघेनिड येथील कोळसाखाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोट झाला आणि ४३९ कामगार मृत्यू पावले. बचावकार्यात आणखी एकाचा बळी गेला. ज्या कारणांचा संशय घेतला गेला, त्यांत विजेच्या घंटेची ठिणगी हे एक होते. अशा खाणीत उघड्या तारांची जोडी लावलेली असे आणि त्या एकमेकींना टेकवल्या की घंटा वाजे. इतक्या कमी व्होल्टच्या बॅटरीने काय होणार, असा तेव्हाचा समज होता. नंतरच्या संशोधनातून कळले, की व्होल्टपेक्षा ठिणगीतली ऊर्जा महत्त्वाची, आणि घंटेच्या वेटोळ्यात ती साठून राहते.

खाणीतला मिथेन हवेत मिसळला असता तो पेटायला सुमारे ०.२८ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. एक ग्रॅमचे वजन तीन सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी! आता ७.४ व्होल्ट, २ अँपिअर-तासांची वॉकी-टॉकीची बॅटरी घ्या. तिच्यात जवळजवळ १५ वॉट-तास, म्हणजे सुमारे ५३ हजार ज्यूल ऊर्जा असते. म्हणून खाणी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांसाठी 'अंगभूत सुरक्षित' संच बनवतात. त्यांत धारा इतकी मर्यादित केलेली असते, की बिघाड झाला तरी पेटवण्याइतकी ठिणगी पडू नये. पण धोक्याच्या जागी त्यांचीही बॅटरी काढू नये किंवा चार्ज करू नये. बाजारातली दुसरी बॅटरी बसवली, तर संचावरचे प्रमाणपत्र निरर्थक ठरते.

खाणकामात विजेवरचे सुरुंग जोडले जात असताना वॉकी-टॉकीवर बोलू देत नाहीत. सुरुंगाच्या तारा अँटेनासारख्या वागून लहरींपासून धारा निर्माण करू शकतात, हे त्याचे कारण. आणि सुटी बॅटरी खिशात किल्ल्यांबरोबर ठेवू नये. किल्लीने दोन टोके जोडली गेली तर किल्ली क्षणात चटका देण्याइतकी तापते.

बोलताना निघणाऱ्या लहरींविषयी थोडक्यात सांगायचे तर, त्या क्ष-किरणांसारख्या अणूतील इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊती तापणे. हातातला संच बटण दाबल्यावर साधारण चार-पाच वॉट शक्ती अँटेनाकडे पाठवतो. म्हणून संच उभा, तोंडापासून दोन-चार सेंटिमीटरवर धरावा, अँटेनाला हात लावू नये आणि बोलणे थोडक्यात ठेवावे.

वर्गासाठी एक काम

शाळेत किंवा गावात एखादा वॉकी-टॉकी संच असेल, तर विद्यार्थ्यांना त्याच्या बॅटरीवरची अक्षरे वाचायला सांगावीत : प्रकार, व्होल्ट, मिलिअँपिअर-तास. त्यावरून आत किती घट असतील आणि किती ज्यूल ऊर्जा मावत असेल, याचा हिशेब करावा. मग सूचनांचा कागद समोर घेऊन प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण लिहावे. ज्या नियमाचे कारण सापडणार नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि तो कोणत्या पिढीच्या बॅटरीचा आहे ते शोधावे.

लिथियमच्या जागी उद्या सोडियम येईल, आणखी काही येईल. तेव्हा आजचा कागदही जुना होईल. तो वेळीच बदलायचा, तर जादा विजेचे काय होते, हे नव्या बॅटरीबाबत पुन्हा विचारावे लागेल.