मराठी अक्षरे आणि नवी यंत्रे : वाकायचे कोणी?

एखादे यंत्र तयार होणे ही एक घटना आणि ते लोकांच्या रोजच्या वापरात येणे ही दुसरी. या दोन घटनांमध्ये कधी पाच वर्षांचे अंतर पडते, तर कधी पन्नास वर्षांचे. विज्ञानाच्या पुस्तकांत पहिल्या घटनेला भरपूर जागा मिळते, दुसरीकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. आज आपल्या शाळांत संगणक पोचले आहेत, व्यापारी आणि आंबा बागायतदार यांच्या हातात स्मार्टफोन आहेत. तरीही कुठे ही साधने दिवसभर राबतात, तर कुठे आच्छादन घालून ठेवलेली दिसतात. असे का, हे विचारले की 'लोकांची मानसिकता' हे ठरलेले उत्तर मिळते. हे उत्तर खरे आहे का?

ते तपासण्यासाठी एक मोठा प्रयोग आपल्या हाताशी आहे. मराठी अक्षरे यंत्रावर चढवण्याचा हा प्रयोग सुमारे दोनशे वर्षे चालू आहे, आणि त्याचे तीन महत्त्वाचे धागे रत्नागिरीशी जोडलेले आहेत.

बाळबोध जिंकली, मोडी हरली

पहिला धागा बाळशास्त्री जांभेकरांचा. त्यांचे गाव पोंभुर्ले. ते आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले तरी १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत त्यांचे 'दर्पण' सुरू झाले. त्यात इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी असत. त्या काळी मराठी माणूस दोन लिप्या वापरत असे. हिशेब, पत्रे, दफ्तर मोडीत. पोथ्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. मोडी हाताने भरभर लिहिण्यासाठी घडलेली लिपी होती. शेजारच्या अक्षराप्रमाणे तिची वळणे बदलत. शिशाच्या सुट्या खिळ्यांना हे वळण मानवणारे नव्हते. बाळबोध अक्षरे त्या मानाने सुटी आणि ठाशीव. छापखान्यांनी बाळबोध उचलली. १९१७ मध्ये मुंबई सरकारनेही कामकाजासाठी मोडीऐवजी बाळबोधीचे धोरण स्वीकारले आणि पुढच्या काही दशकांत मोडी शाळांतूनही गेली.

म्हणजे यंत्रापुढे माणूस वाकला, असेच वरवर पाहता दिसते. पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बाळबोध लिपी वाचकाला नवी नव्हती, पोथ्यांमुळे ती आधीच ओळखीची होती. त्याला अनोळखी प्रदेशात जायचे नव्हते, दोन ओळखीच्या वाटांपैकी एक सोडायची होती. शिवाय स्वस्त पुस्तक हा फायदा थेट त्याच्याच पदरात पडत होता.

याच काळातली आणखी एक हकिकत बोलकी आहे. शाईत प्राण्यांची चरबी असते या समजुतीने अनेक सनातनी मंडळी छापील पुस्तकाला शिवत नसत. मुंबईतील मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी तुपाची शाई वापरून धार्मिक पुस्तके छापली असे सांगतात. त्यांनी ग्राहकाच्या समजुतीला नावे ठेवली नाहीत; शाई बदलली.

अ ची बाराखडी

दुसरा धागा लोकमान्य टिळकांचा. त्यांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीतला. 'केसरी' चालवताना त्यांना मुद्रणाची अडचण रोज जाणवत होती. इंग्रजीला सव्वीस अक्षरांची लहान आणि मोठी रूपे पुरतात. देवनागरीला मात्र जोडाक्षरे, काने, मात्रा, रफार धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागत. जुळाऱ्याचा वेळ जाई आणि चुकाही होत. टिळकांनी खिळ्यांची संख्या दोनशेच्या आत आणण्याचा प्रयत्न केला. अक्षराचे दिसणे फारसे न बिघडवता खिळ्यांची नवी विभागणी करायची, असा त्याचा रोख होता.

तिसरा धागा विनायक दामोदर सावरकरांचा. १९२४ ते १९३७ या काळात ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तेथून त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. खिळे आणि टंकलेखन यंत्राच्या कळा वाचवण्यासाठी इ, ई, उ, ऊ, ए ही स्वतंत्र अक्षरे काढून टाकावीत आणि अ ला चिन्हे जोडून अि, अी, अु, अू, अे असे लिहावे, हा त्यातला प्रमुख बदल. काका कालेलकरांनीही अशाच बाराखडीचा पुरस्कार केला. राजकीय विचारांनी दोन टोकांना असलेली माणसे येथे एकाच बाजूला होती. सुधारणा तर्काला धरून होती. काही मासिकांनी आणि लेखकांनी ती बरीच वर्षे पाळली. तरीही ती रुजली नाही. १९५३ मध्ये लखनौला भरलेल्या लिपी परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे देण्याचे ठरवले. तो बदलही काही वर्षांतच मागे पडला.

असे का झाले? येथे हिशेब मांडून पाहावा. खिळे कमी झाल्याचा फायदा कोणाला? छापखान्यांना आणि टंकलेखकांना, म्हणजे काही हजार लोकांना. डोळ्यांची सवय मोडण्याचा त्रास कोणाला? प्रत्येक वाचकाला, म्हणजे काही कोटी लोकांना. आपण शब्द अक्षर अक्षर जुळवून वाचत नाही. ओळखीचा शब्द बराचसा आकारावरून ओळखतो. 'अीश्वर' असे लिहिले की नजर अडखळते. फायदा एकाच्या पदरात आणि खर्च दुसऱ्याच्या माथी, अशी वाटणी झाली की सुधारणा कितीही शहाणपणाची असली तरी ती पुढे सरकत नाही.

बोटांची सवय

टंकलेखन यंत्राला चाळीस-पंचेचाळीस कळा. प्रत्येकीवर दोन खुणा धरल्या तरी नव्वदच्या आसपास खुणा होतात. एवढ्यात देवनागरी बसवण्यासाठी रेमिंग्टन पद्धतीत एक युक्ती केली गेली. अर्धे अक्षर एका कळीवर आणि काना दुसऱ्या कळीवर. दोन्ही मिळून पूर्ण अक्षर. ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, म्हणजे कागदावर डावीकडून उजवीकडे जसे दिसते त्याच क्रमाने. वाचकाच्या लिपीला हात लागला नाही. कसरत टंकलेखकाच्या बोटांनी केली. त्या कसरतीचा मोबदलाही होता. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठी टंकलेखनाचे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीचा रस्ता ठरला. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द, हे आकडे गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्यांवर झळकू लागले.

१९८० च्या दशकात संगणक आला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरवला. तो वर्णमालेच्या तत्त्वावर रचलेला आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ज्या कळीवर क तिच्यावरच शिफ्ट दाबून ख, ज्या कळीवर ग तिच्यावरच घ. आधी व्यंजन आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. मराठी, तमिळ, बंगाली अशा सर्व लिप्यांना तोच आराखडा. वर्णमाला जाणणाऱ्या मुलाला तो चटकन समजतो. तरीही कचेऱ्यांत वर्षानुवर्षे रेमिंग्टनच चालू राहिला. कारण उघड आहे. ज्याने दोन वर्षे घालवून बोटांना वळण लावले, त्याने ते पुसून पुन्हा शिकायचे, तेही वेग निम्म्यावर आणून आणि वरिष्ठांची बोलणी खाऊन! त्याचा नकार हा अडाणीपणा नव्हता, तो सरळ हिशेब होता.

फाँटचा गोंधळ

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान तेथे पुढे वाढले आणि साध्या संगणकावर भारतीय अक्षरे दिसू लागली. १९९० च्या दशकात पुण्याच्या श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर आली. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके झपाट्याने संगणकावर जुळू लागली. व्यवसायाने हे तंत्र पटकन उचलले, कारण फायदा त्याच आठवड्यात हातात पडत होता.

पण त्यात एक मेख होती. यातल्या बहुतेक फाँटनी रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते, आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. एका फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग दिसे. छापखान्याला त्याचे काही वाटत नसे, कारण त्याचा माल म्हणजे कागद. शाळेला, कचेरीला मात्र मजकूर पाठवायचा होता, शोधायचा होता, पुन्हा वापरायचा होता. एकच यंत्र एका धंद्यात सुसाट चालले आणि दुसरीकडे अडले, याचे कारण माणसांच्या स्वभावात नव्हते; कामाच्या प्रकारात होते.

यंत्र वाकले

यातून वाट काढली ती युनिकोडने. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. त्याचा आधार होता 'इस्की' हे भारतीय प्रमाण. युनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५ आणि ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. 'कि' साठवताना संगणक उच्चाराप्रमाणे आधी २३२५ आणि मग २३६७ नोंदवतो. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेऊन काढणे हे सॉफ्टवेअरचे काम. लखनौला जी वेलांटी उजवीकडे न्यायची म्हणून वाचकालाच बदलायला सांगितले होते, ती यंत्राच्या पोटात उजवीकडे राहिली आणि डोळ्यांसमोर डावीकडेच उभी राहिली!

यातली मुख्य कल्पना अशी, की बोटे काय दाबतात, यंत्र काय साठवते आणि डोळ्यांना काय दिसते, या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या गेल्या. टंकलेखकाने रेमिंग्टन पद्धतीने टाइप करावे, विद्यार्थ्याने इन्स्क्रिप्टने, तिसऱ्याने रोमन कळा वापरून उच्चाराप्रमाणे. साठवलेला मजकूर एकच. विंडोज २००० पासून सर्वसाधारण संगणकात ही सोय येऊ लागली. मराठीच्या बारीकसारीक गरजाही सावकाश पुऱ्या झाल्या. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. पुढे स्मार्टफोनवर बोलून लिहिण्याची सोय आली, तेव्हा कधीही टंकलेखन न शिकलेली माणसेही मराठीत मजकूर पाठवू लागली.

दोन संशोधक आणि एक साखर कारखाना

नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याचा अभ्यास अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी केला. १९६२ च्या ग्रंथात त्यांनी पाच कसोट्या मांडल्या. जुन्यापेक्षा फायदा किती, चालू सवयींशी मेळ किती, समजायला अवघड किती, थोडे वापरून पाहता येते का, आणि दुसऱ्याला झालेला फायदा डोळ्यांना दिसतो का? १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी संगणकापुरते दोन प्रश्न पुढे ठेवले. हे माझ्या कामाचे आहे असे वापरणाऱ्याला वाटते का, आणि हे सोपे आहे असे वाटते का? आपण पाहिलेला इतिहास या कसोट्यांना उतरतो. मात्र मराठी लिपीचा अनुभव त्यात एका प्रश्नाची भर घालतो. खर्च कोणाच्या माथी आणि फायदा कोणाच्या पदरी?

हा प्रश्न लिपीपुरता नाही. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात वारणा परिसरातील सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे उभी राहिली. शेतकऱ्याला शेतीची माहिती आणि बाजारभाव मिळावेत, असा मोठा हेतू होता. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यतः ऊस आणि खतांच्या नोंदींसाठी वापरली गेली, कारण शेतकऱ्याचा पैसा त्या नोंदींत होता. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर तेच काम करून पाहण्यात आले आणि ते भागले. योजनाकर्त्यांना संगणक महत्त्वाचा वाटत होता, ऊस उत्पादकाला आपला हिशेब.

वर्गातला हिशेब

आता शिक्षकांचा प्रश्न. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रम महाराष्ट्रभर पसरला. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हतेची अट आल्यामुळे असंख्य शिक्षकांनी माउसला पहिल्यांदा हात लावला. सक्तीने भीती मोडते, हे खरेच. पण प्रमाणपत्र कपाटात जाते. सवय लागते ती रोजच्या कामातून. जे साधन शिक्षकाचे काम हलके करते, ते सांगावे लागत नाही. वहीतली नोंद वहीत आणि तीच पुन्हा पडद्यावर, असे दुप्पट काम जे करायला लावते, त्याचा खर्च शिक्षकाच्या माथी आणि फायदा दुसऱ्याच टेबलावर जातो. अशा साधनाबद्दल शिक्षक उदासीन राहिला, तर दोष त्याच्या मानसिकतेवर ढकलण्याआधी साधनाची रचना तपासावी.

नववी-दहावीच्या वर्गात यावर एक सोपा प्रयोग करता येईल. मराठीतला पन्नास शब्दांचा एक उतारा विद्यार्थ्यांनी तीन पद्धतींनी उतरवावा: इन्स्क्रिप्टने, रोमन कळांनी आणि बोलून. प्रत्येक वेळी लागलेला वेळ आणि चुका लिहून ठेवाव्यात. आठवडाभर रोज दहा मिनिटे सराव करून मोजणी पुन्हा करावी आणि आलेख काढावा. पहिल्या दिवशीची सोपी पद्धत आणि आठव्या दिवशीची जलद पद्धत एकच ठरते का, हे मुलांनीच पाहावे. बोलून लिहिताना आपल्या बोलीतले शब्द यंत्र कसे उमटवते, मालवणी किंवा संगमेश्वरी वळणाचे वाक्य कसे 'सुधारते', याचीही नोंद घ्यावी.

कारण पुढचा झगडा तेथे आहे. आज अनेक मुले मराठी निरोप रोमन लिपीत लिहितात, आणि यंत्र कित्येकदा आपली बोली प्रमाण भाषेकडे ओढते. रत्नागिरीहून निघालेली लिपीची चर्चा संपलेली नाही. फक्त खिळ्यांच्या जागी आता सॉफ्टवेअर आहे. यंत्रासाठी आपण किती वाकायचे आणि यंत्राला किती वाकवायचे, हे अभियंत्यांइतकेच वापरणारेही ठरवतात. त्यासाठी वापरणाऱ्याला आपली अडचण नेमकी सांगता आली पाहिजे. ती मोजून, नोंदवून सांगायला मुलांना शिकवणे हे विज्ञान शिक्षकाचे काम आहे.