लोहाफेक्स : दक्षिण महासागरातील लोहप्रयोग

लोहाफेक्स हा सागरी जैवभूरसायनशास्त्रातील भारत-जर्मनी संयुक्त प्रयोग होय. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी जानेवारी ते मार्च २००९ दरम्यान ‘पोलारस्टर्न’ या संशोधननौकेवरून तो केला.

दक्षिण महासागरात लोह अत्यल्प असल्याने वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटते. लोह पुरवल्यास ते वाढून हवेतील कार्बन खोल समुद्रात नेतील का, हे तपासायचे होते. पर्यावरणविषयक आक्षेपांमुळे जर्मन सरकारने प्रयोग काही काळ थांबवला. परवानगीनंतर ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात ६ टन लोह मिसळण्यात आले.

प्लवक वाढले, मात्र पाण्यात सिलिका कमी असल्याने डायटम फोफावले नाहीत. उरलेले प्लवक कोपेपॉड या सूक्ष्म प्राण्यांनी फस्त केले आणि खोलवर फारच थोडा कार्बन पोहोचला. समुद्रात लोह टाकून हवामानबदल रोखण्याच्या कल्पनेच्या मर्यादा त्यातून स्पष्ट झाल्या.