घारापुरीस जाण्यापूर्वी

मुंबईच्या बंदरातील घारापुरी बेटावर एक दिवस सहकुटुंब जाऊन यावे, असा विचार गेल्या महिन्यात आमच्या घरी निघाला, आणि साधी सहल ठरविणे हे किती जिकिरीचे काम आहे याचा प्रत्यय आम्हांस आला. आमचे बिऱ्हाड चिंचवडास. लेणी सोमवारी बंद असतात. आमच्या महाविद्यालयास सुटी रविवारी. आणि आमच्या पुतण्याचा भोसरीस लहानसा कारखाना आहे, त्यास या औद्योगिक पट्ट्यातील वहिवाटीप्रमाणे सुटी गुरुवारी. अखेर आम्ही एक रजा खर्ची घालावयाची व गुरुवारीच निघावयाचे ठरले. पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर, म्हणजे मार्गशीर्षात, जावे हेही सर्वांस मान्य झाले. येथवर सुरळीत होते. परंतु तेथे पाहावयाचे काय आणि कोणत्या क्रमाने, असे कन्येने विचारले. इतिहास शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्यास असा प्रश्न विचारू नये. कारण उत्तर एका बैठकीत संपत नाही.

वास्तविक आम्ही घारापुरी एकदा पाहिलेली आहे. तरुणपणी विद्यार्थ्यांचा एक तांडा घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. पायऱ्या चढलो, दीड तास मोठ्या लेण्यात काढला, वाटाड्याने त्रिमुखी मूर्तीस ब्रह्मा-विष्णु-महेश म्हटले ते मुकाट्याने ऐकून घेतले, आणि परतीची होडी गाठली. होडीत बेटावरचीच एक म्हातारी पाटी घेऊन बसली होती. तिने विचारले, “गावात आला नाहीत का?” बेटावर गाव आहे हेच आमच्या ध्यानी आले नव्हते. आम्ही काहीतरी पुटपुटलो. तो प्रश्न इतकी वर्षे उत्तरावाचून राहिलेला आहे, आणि या खेपेस सहलीची आखणी करण्याचा अट्टाहास आम्ही धरला त्याचे खरे कारण तेच होय.

वाचकांनी नकाशा समोर घ्यावा. चिंचवडाहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता व लोहमार्ग ज्या खिंडींतून कोकणात उतरतात, त्या वाटेने दोन हजार वर्षांपूर्वी घाटावरचा माल पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांकडे जात असे. या वाटेच्या आसपास शेलारवाडी, बेडसे, भाजे आणि कार्ले अशी लेणी आहेत. त्यांपैकी कार्ल्याची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. शेलारवाडीची मात्र आमच्या शेजाऱ्यांसही नाही. देहूरोडच्या पुढे रस्त्याच्या कडेस जो घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो, ज्यावर महाशिवरात्रीस यात्रा भरते, त्याच्याच अंगात ही बौद्ध लेणी कोरलेली आहेत. तेथे ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नामक नांगरधारी कुणब्याची पत्नी सिअगुतणिका हिने आपला पुत्र नंद याच्यासह हे लेणे दान दिले, एवढाच त्याचा आशय. धेनुकाकटाचे नाव कार्ल्याच्या लेखांतही वारंवार येते. तेथील यवनांनी दिलेले खांब कार्ल्यास आजही उभे आहेत. ते गाव नेमके कोणते यावर विद्वानांचे एकमत नाही. पण एका शेतकऱ्याच्या घरधनिणीचे नाव, तिच्या नवऱ्याचे व मुलाचेही, आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर दगडात टिकून आहे, आणि त्याखालून रोज हजारो मोटारी जातात.

आता घारापुरीकडे वळू. बेट लहान, परंतु डोंगराळ. दोन टेकड्या व त्यांमधील दरी एवढाच त्याचा विस्तार, आणि माथा समुद्रापासून सुमारे पाचशे फूट उंच. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या एका प्राचीन स्तूपाचे अवशेष व दोन बौद्ध लेणी आहेत. पश्चिमेकडील टेकडीत पाच शैव लेणी. म्हणजे आमच्या मावळातल्या लेण्यांचे भावबंद येथेही आहेत, आणि पाहुणे त्यांकडे सहसा फिरकत नाहीत. शैव लेण्यांपैकी जे मोठे, त्यातील सदाशिवाची मूर्ती सुमारे अठरा फूट उंच आहे. तिला त्रिमूर्ती म्हणण्याचा प्रघात पडला असला तरी तिन्ही मुखे शिवाचीच: मध्ये शांत तत्पुरुष, एकीकडे उग्र अघोर, दुसरीकडे कोमल वामदेव. हे लेणे साधारणतः सहाव्या शतकातले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडली, त्यावरून त्याच्या घराण्याकडे कर्तृत्व देण्याकडे कल आहे. आमचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींच्या लेखांचा जो प्रचंड अभ्यास केला, त्याचा या चर्चेस मोठा आधार आहे. इ. स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात पुलकेशी दुसरा याने पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशी जी पुरी नगरी नौकांनी वेढून जिंकली तीही हीच, असे कित्येकांचे मत आहे. इतरांस ते मान्य नाही.

हे सर्व तर्क करण्याची पाळी का यावी? इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व मुंबईच्या आसपासची बेटे पोर्तुगीजांस दिली. दिओगु दु कोउतु हा त्यांचा बखरकार लिहितो की, देवळाच्या दारावर एक कोरीव लेखाचा दगड होता, तो काढून राजा तिसरा जुआंव याच्याकडे पाठविला गेला, परंतु तो वाचू शकेल असा मनुष्य राजास मिळाला नाही. राजा १५५७ मध्ये वारला. दगड आजतागायत सापडलेला नाही. लेणे कोणी खोदविले, केव्हा, कोणासाठी, याची उत्तरे बहुधा त्या एका दगडावर होती. मूर्तींची मोडतोड झाली याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस मात्र त्या दगडाचे दुःख अधिक वाटते, कारण भंगलेल्या मूर्तीचा चेहरा डोळ्यांस कळतो, गेलेले नाव कशाने कळावे?

हे आम्ही घरात सांगितले तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, आमच्याकडे दोन रुपयांच्या नगावरही खूण असते. कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर तयार झाला, सारे सांगता येते.” त्याच्या बोलण्यात थोडी ऐट होती, पण ते खोटे नव्हते. ज्याने ते अठरा फुटांचे शांत मुख कातळातून बाहेर काढले, त्याच्या नावाची अशी एखादी खूण आपणांपाशी नाही.

बेटाचे परके नावही असेच एका दगडावरून पडले. दक्षिणेकडील उतारावर एक दगडी हत्ती उभा होता; त्यावरून पोर्तुगीजांनी बेटास एलिफंटा म्हटले. १८१४ मध्ये हत्तीचे डोके व मान गळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडास नेण्याच्या खटपटीत उचलताना कोसळला व त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवले. आज तो हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. ज्या डॉक्टर भाऊ दाजींनी प्राचीन लेख वाचण्यात आयुष्य वेचले, त्यांच्या नावाच्या इमारतीजवळ त्यास जागा मिळाली, हा योग बरा म्हणावयाचा. लेख लिस्बनास गेला नसता तर भाऊ दाजींच्या हाती पडता, ही कल्पना आम्ही कधी कधी उगीच करीत बसतो.

आता गाव. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या मिळून ते होते. समोर मुंबईचे दिवे रात्रभर झगमगत असता येथे समुद्रतळातून तार टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर काही तास चालणाऱ्या जनित्रावर व कंदिलावर भागत होते. युनेस्कोने लेण्यांस जागतिक वारसा म्हणून मान दिला तो १९८७ साली. लेण्यांस मान आणि गावास दिवा, यांत तीस वर्षांहून अधिक अंतर. कन्येने या संदर्भात कॅरिबियन समुद्रातील सेबा नावाच्या बेटाची हकिकत वाचून दाखविली. तेही असेच इवलेसे व उभ्या चढणीचे. किनाऱ्यावरून गावात जाण्यास शेकडो पायऱ्या. तेथे रस्ता होणे अशक्य, असा डच स्थापत्यविशारदांनी निर्वाळा दिल्यावर हॅसेल नावाच्या एका रहिवाशाने टपालाने स्थापत्याचे शिक्षण घेतले, आणि गावकऱ्यांनी हातांनी रस्ता बांधला. त्याचा पहिला भाग १९४३ मध्ये पुरा झाला. तेथे जाणारे आज त्या रस्त्याची कथा आधी ऐकतात, मग डोंगर पाहतात. आमच्याकडे क्रम उलटा आहे.

तेव्हा बेत असा ठरला. आधीच्या गुरुवारी सकाळी शेलारवाडीचा डोंगर चढून तो लेख पाहावयाचा. पुतण्याने विजेरी आणण्याचे पत्करले आहे. पुढच्या गुरुवारी पहाटे चिंचवडाहून गाडी, गेटवेवरून होडी. डिसेंबर २०२४ मध्ये याच जलमार्गावर होडीस अपघात होऊन प्राणहानी झाली, म्हणून तरंगते जाकीट प्रत्येकाच्या अंगात असल्यावाचून होडी सोडू द्यावयाची नाही, हा सौभाग्यवतींचा हुकूम. प्रथम पूर्वेची टेकडी व स्तूप, मग सदाशिव, आणि दुपारनंतर राजबंदराची वाडी. जेवणाचा डबा घरून न्यावयाचा की नाही यावर वाद राहिला होता. तो सौभाग्यवतींनीच मिटविला. डबा न्यावयाचा नाही. गावात कोणी भाकरी व मासळी करून देत असेल तर तेथेच पानावर बसावयाचे. आम्ही शाकाहारी, आम्हांस भाकरी व चटणी पुरे.