पानिपतची शिल्लक आणि चालतं दफ्तर

मराठीत एखाद्याचं पार वाटोळं झालं, की आपण ‘पानिपत झालं’ म्हणतो. पण आज भारतातल्या कुठल्याही कापडवाल्याला पानिपत विचारा, तो ब्लँकेट आणि चादरी दाखवील. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेले विणकर इथे स्थिरावले आणि हे गाव हातमागाचं झालं. जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचाही इथे मोठा धंदा आहे. तुम्ही बेळगावला, इंदूरला किंवा बडोद्याला बसून मोबाइलवर स्वस्त ब्लँकेट मागवलंत, तर ते पानिपतहून निघालेलं असण्याची शक्यता बरीच.

काला आंबचं स्मारक पाहून मी तिथल्या बाजारात गेलो होतो. एका दुकानदारानं मला मोबाइलवर आपलं ऑनलाइन दुकान दाखवलं. एका ब्लँकेटखाली ‘फक्त ४ शिल्लक’ असं लिहिलेलं होतं. मागे मांडणीवर पाहिलं, तर त्या रंगाचा एकही नग नव्हता. तो हसून म्हणाला, “नोंद कालची आहे.”

आजचा विषय हाच आहे, कालची नोंद. १७६०-६१ च्या मोहिमेकडे आपण शौर्य, तोफा, भाऊबंदकी अशा अंगांनी नेहमी बघतो. आज ती शिल्लक आणि नोंद या अंगानं बघू. हिशेब चुकला म्हणून पानिपत झालं, असं माझं म्हणणं नाही. पराभवाची कारणं अनेक आहेत. पण जुनी झालेली माहिती काय करते, हे या मोहिमेइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. तेव्हाच पैशाची ओढ होती. दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. पावसाळ्यात यमुनेला पूर होता, अब्दाली नदीच्या पलीकडे अडकला होता. ‘यमुना पार होत नाही’ ही नोंद ऑगस्टमध्ये अगदी खरी होती. तिच्यावर विसंबून भाऊ उत्तरेला गेले आणि १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतलं. तिथे धान्याचा मोठा साठा हाती आला. पण पाणी ओसरत होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली, आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. नदी बदलली होती, नोंद तीच राहिली होती.

पुढचे अडीच महिने दोन्ही फौजा पानिपतजवळ समोरासमोर होत्या. मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका, मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे असे हजारो लोक होते. त्या सगळ्यांचं रोजचं धान्य आणि जनावरांची रोजची वैरण यांची भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांच्या अंतर्वेदीतल्या हालचालींवर होती. डिसेंबरमध्ये गोविंदपंत मारले गेले आणि येणं म्हणून धरलेली ती रसद बुडाली. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्री वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरली. खजिना आपल्यासाठी होता, पोहोचला शत्रूकडे. शेवटी उपासमार असह्य झाली, तेव्हा १४ जानेवारी १७६१ ला फौज लढायला बाहेर पडली.

नानासाहेब पेशवे तेव्हा मदत घेऊन उत्तरेकडे येत होते. लढाई संपली तरी त्यांच्या लेखी पानिपतावर फौज अजून शिल्लक होती. २४ जानेवारीला, भेलशाच्या बाजूला मुक्काम असताना, एका सावकाराचं पत्र त्यांच्या हाती लागलं. ते सराफी भाषेत होतं. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-पैसे किती गेले त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार.

या पत्राकडे आपण काव्य म्हणून पाहतो. मला ती शिलकेची यादी वाटते, आणि चांगली यादी वाटते. मोठे जिन्नस वेगळे, मधले वेगळे, किरकोळ वेगळे. जे मोजता आलं त्याचा आकडा आहे. जे मोजता आलं नाही तिथे आकडा ठोकून दिलेला नाही, गणती नाही असं सरळ लिहिलं आहे. राज्याच्या प्रमुखाला आपल्या घराचा आणि फौजेचा हिशेब व्यापाऱ्याच्या टपालातून कळला.

आता एका माणसाकडे येऊ. पानिपतावर एक अठरा वर्षांचा तरुण होता, बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे पुढचे नाना फडणवीस. आई आणि बायको त्यांच्याबरोबर होत्या. नाना कसेबसे निसटले, बायकोही वाचली, आई परतलीच नाही. फडणिशी त्यांच्या घरात होतीच. पुढे कित्येक वर्षं या माणसानं पुण्याचं हुजूर दफ्तर सांभाळलं आणि त्याची शिस्त नावाजली गेली.

त्या दफ्तराची रचना पाहा. ‘चालतं दफ्तर’ म्हणजे रोजच्या कामाचं. ‘एकबेरीज दफ्तर’ म्हणजे काम संपलेल्या हिशेबांचं, ते कायम पुण्यात. रोजचा व्यवहार त्याच दिवशी रोजकीर्दीत चढायचा. रोजकीर्दीवरून खात्यावार खतावणी व्हायची. वर्षाअखेरीस ताळेबंद. खतावणीतला आकडा कुठून आला, हे रोजकीर्दीच्या तारखेपर्यंत मागे जाऊन शोधता यायचं.

ऑनलाइन दुकानाचा डेटाबेस चालवणाऱ्यांनी ही रचना जशीच्या तशी उचलावी. येणारी ऑर्डर, परत आलेला माल, गोदामात उतरलेली नवी गाठ, ही तुमची रोजकीर्द. ग्राहकाला दिसणारं ‘४ शिल्लक’ ही खतावणी. अनेक दुकानांत कुणीतरी थेट खतावणीतला आकडा बदलतो, चाराचे दहा करतो. मग महिन्यानं तफावत निघते आणि दहा कुठून आले ते कुणालाच सांगता येत नाही. तीच चादर तीन वेबसाइटवर विकत असाल, तरी रोजकीर्द एकच हवी आणि तिन्ही खतावण्या तिच्यावरून भराव्यात. चादरीला एकच कोड द्यावा. ‘निळी डबल’ आणि ‘डबल ब्लू’ अशा दोन नावांनी एकच माल दोनदा मोजला जातो.

बंद झालेला माल पुसूनही टाकू नये. जुनी बिलं आणि परतावे त्याच्याशी बांधलेले असतात. तो ‘एकबेरीज’मध्ये हलवावा, म्हणजे ग्राहकाला दिसणार नाही आणि तुम्हाला सापडेल.

किंमत आणि कर यांचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून कापडी वस्तूंवरच्या जीएसटीची पाच टक्क्यांची मर्यादा हजार रुपयांवरून अडीच हजारांवर गेली. दीड हजाराच्या ब्लँकेटचा कर एका रात्रीत बदलला. ज्यानं यादी बदलली नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी ग्राहकाकडून जास्त पैसे घेतले. आदल्या दिवशी तोच आकडा बरोबर होता.

नानांनंतर त्या दफ्तराचं काय झालं, तेही ऐकून ठेवा. १८०० साली नाना वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात कारकून कमी झाले, नोंदी तुंबल्या, कागद बाहेर जाऊ लागले. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतलं, तेव्हा त्यांनाही ही पडझड दिसली. कागद पुष्कळ उरले. पुढे रियासतकार सरदेसायांनी त्यांतून निवडक पत्रांचे ४५ खंड काढले आणि आपल्याला पानिपत नव्यानं वाचता आलं. इतिहासकाराला दोनशे वर्षांनी सापडलेली नोंदही उपयोगी पडते. छावणीत उपाशी बसलेल्याला ती त्याच दिवशी हवी असते.

तुमचं छोटं दुकान असेल, तर आज रात्री एक काम करा. यादीतले कुठलेही दहा जिन्नस घ्या आणि मांडणीवर जाऊन हातानं मोजा. आकडा जुळला नाही, तर तो नुसता दुरुस्त करू नका, फरक कुठल्या दिवशी पडला ते शोधा. आणि जे मोजलं नसेल, त्यापुढे त्या सावकारासारखं लिहा, गणती नाही.