जरा, अवधान आणि प्रज्ञा : पालि सुत्तांच्या आधारे एक विचार

वार्धक्य आले की प्रज्ञा लोपते, हा समज आजचा नाही. बुद्धकाळीही तो रूढ होता, याची साक्ष मज्झिमनिकायातील महासीहनादसुत्त देते. संघ सोडून गेलेला लिच्छवीपुत्र सुनक्खत्त वैशालीत तथागतांची निंदा करीत होता. त्या प्रसंगी भगवंतांनी हे मत स्पष्टपणे नाकारले. आपले वय ८० झाले आहे. आपणांस मंचकावरून वाहून न्यावे लागले तरी प्रज्ञेत पालट होणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

यावरून तथागत जरेच्या नियमातून मुक्त होते असे कोणी मानील, तर ते संयुत्तनिकायास मान्य नाही. श्रावस्तीच्या पूर्वारामात मावळतीच्या उन्हात पाठ शेकीत बसलेल्या भगवंतांचे अंग चोळताना आनंदांनी म्हटले की, कांती पूर्वीची राहिली नाही, देह पुढे वाकला आहे, चक्षु-श्रोत्रादी इंद्रियांतही फरक दिसतो. भगवंतांनी ते मान्य केले. म्हणजे इंद्रियांची झीज वेगळी आणि प्रज्ञेची हानी वेगळी, हा विवेक निकायांत स्पष्ट आहे.

या दोहोंच्या मध्ये 'मनसिकार' येतो. महापरिनिब्बानसुत्तानुसार बेलुवगामच्या वर्षावासात तीव्र व्याधीतून उठल्यावर भगवंतांनी आपल्या देहाची तुलना बंध लावून कसाबसा चालविलेल्या जुन्या गाड्याशी केली. सर्व निमित्तांकडे मन न वळविता अनिमित्त चेतोसमाधीत विहरताना मात्र देहास स्वास्थ्य लाभते, असे त्यांनी आनंदांस सांगितले. काय पाहावे याइतकेच कशाकडे लक्ष देऊ नये, यालाही येथे महत्त्व आहे.

आधुनिक मानसशास्त्र याच जागी येऊन पोहोचले आहे. लिन हॅशर व रोझ झॅक्स यांनी १९८८ साली असे प्रतिपादन केले की, वयोमानाने मुख्यतः दुबळी होते ती अनावश्यक गोष्ट मनाबाहेर ठेवण्याची शक्ती. ॲडम गॅझली व सहकाऱ्यांच्या २००५ च्या मेंदूविषयक संशोधनातही, हव्या वस्तूवर लक्ष देण्याची वृद्धांची क्षमता टिकून असल्याचे, परंतु नको ते दडपण्याची क्षमता घटल्याचे आढळले. प्रयोगशाळेतील अवधान आणि समाधी एकच, असे आम्ही म्हणत नाही. सामान्य वृद्धाची अवस्था आणि आयुष्यभराच्या भावनेचे फळ यांत अंतर आहे, एवढेच आमचे म्हणणे.

याचा आपल्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस ज्यांना स्वतः पाहिल्याचे स्मरते, असे उपासक-उपासिका आज ऐंशीच्या घरात वा त्यापलीकडे आहेत. विहारातील गलक्यात, ध्वनिक्षेपकाच्या खरखरीत त्यांना बोलते करावयाचे आणि सूत्र तुटले की 'आता त्यांना काही आठवत नाही' म्हणून उठावयाचे, हा अन्याय आहे. तुटले ते अवधान. स्मृती नष्ट झालीच असे त्यावरून ठरत नाही. एका शांत खोलीत, एका वेळी एकच प्रश्न विचारून त्यांची साक्ष नोंदविणे, हे आजच्या अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.