राष्ट्रीय शेअर बाजार : संगणकीय यंत्रणा

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात खरेदी-विक्रीचे आदेश स्वीकारून त्यांची जुळणी करणारी वेगवान संगणक व दूरसंचार व्यवस्था. बाजाराची स्थापना १९९२ मध्ये झाली. ३ नोव्हेंबर १९९४ पासून शेअरव्यवहार ‘नीट’ या संगणकप्रणालीवर सुरू झाले. व्हीसॅट जाळ्यामुळे मुंबईबाहेरील दलालही थेट जोडले गेले (→ उपग्रह संदेशवहन). आदेशांची जुळणी आधी किंमत व मग वेळ या अग्रक्रमाने होते. सदस्यांना आपले सर्व्हर बाजाराच्या डेटा सेंटरमध्ये ठेवता येतात. त्यामुळे संदेशाचा प्रवासकाळ घटतो (→ अल्गोरिदम व्यवहार). मुख्य केंद्र बंद पडल्यास पर्यायी केंद्राची तरतूद असते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर व्यवहार काही तास थांबले. या यंत्रणेमुळे सौद्यांसाठी बाजाराच्या सभागृहात हजर राहण्याची गरज संपली. मुंबई शेअर बाजारानेही १९९५ मध्ये ‘बोल्ट’ प्रणाली स्वीकारली (→ शेअर बाजार).